पायडलला बांधलेला ठोकळा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच थोडा राग येतो. राळेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एवढ्या नोकरीनंतर आपली नजर तयार झाली, असं माणूस समजायला लागतो. मीही समजत होतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास ग्रामीण रुग्णालयातून फोन आला. सहावीतली एक मुलगी, डोक्याला मार, हात मोडलेला, शुद्ध नाही. एका माणसाने तिला जीपमधून आणलं, आत झोपवलं आणि नाव न सांगता निघून गेला. मुलीचे वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाल. ते धावत ठाण्यात आले आणि फिर्याद दिली की, जीपवाल्याने पोरीला उडवलं, मग घाबरून दवाखान्यात टाकून पळाला. मलाही तसंच वाटलं. अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला.

पंचांना घेऊन तिच्या शाळेच्या वाटेवरच्या नाल्याच्या उतारावर गेलो. खाली वळणावर सायकल आडवी पडली होती. मी वाकून पुढचं चाक, मडगार्ड पाहिलं, दुसऱ्या गाडीचा रंग लागलाय का ते शोधलं. हवालदार लिहीत होता : सायकल एक, दप्तर एक, चप्पल एक, तीस पावलं वर रस्त्यात लाकडाचा ठोकळा एक.

"ठोकळा कायले लिहितोस?" मी वैतागून विचारलं.

"जागेवर हाये न सायेब, लिहून ठेवतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एका पानठेलेवाल्याने खबर दिली. "सायेब, एक काळीपिवळी जीपवाला कालपासून नाल्यावर गाडी धुऊन राह्यला. बाजाराच्या दिवशी सवारी सोडून कोण गाडी धुते?" खबर पक्की होती. ड्रायव्हरला जीपसह ठाण्यात आणलं. चाळिशीचा माणूस. मुलीला दवाखान्यात आपणच नेलं, हे त्याने लगेच कबूल केलं. धडक मात्र नाकारली. बाहेर गावातली पन्नासेक माणसं जमली होती. "त्याले आमच्या हवाली करा," असा गलका चालला होता.

मी जीप पाहिली. धडक देणारा बंपर धुतो. याचा बंपर धुळीने माखलेला होता आणि मागची सीट घासून घासून धुतलेली. तरी मी त्याला सोडलं नाही. तीच हकिकत तीनदा विचारली. आमच्या धंद्यातला अनुभव असा की, पाठ केलेलं खोटं तिन्ही वेळा शब्दाला शब्द जुळतं. खरं बोलणाऱ्याला दर वेळी काहीतरी नवीन आठवतं.

"पोट्टी पडूनच होती सायेब. गाडीत सवारी नव्हती. तिले उचलून सीटवर घेतलं. रक्त पाहून मी घाबरलो. लोक म्हणतीन, यानंच मारलं, म्हणून पळालो," तो रडत सांगत होता. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "तिचा पाय सायकलीत अडकला होता. एका पायडलले लाकूड बांधलं होतं, दुसऱ्याले नुसतं रबर लोंबत होतं."

मी उठलो. मागच्या आवारात सायकल उभी होती, मुद्देमालाची चिठ्ठी लावलेली. डाव्या पायडलला बाभळीचा ठोकळा ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधलेला, उजव्याला तुटकी पट्टी. हवालदाराने उचलून ठेवलेला ठोकळा आणवला आणि तिथे लावला. बरोबर बसला. मी त्या सायकलीवर दोन दिवस रंगाचे ओरखडे शोधत होतो, पायडलकडे पाहिलंच नव्हतं. बाहेरच्या जमावाच्या हाती लागला असता, तर एका निरपराध माणसाचं हाड शिल्लक राहिलं नसतं आणि पाप माझ्या माथी आलं असतं.

मुलगी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात होती. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर महिला शिपायाला घेऊन जबाब घ्यायला गेलो. जीपने धडक दिली का, विचारलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी ठोकळा पलंगावर ठेवला. तिचे डोळे भरून आले.

"बाबाले नका सांगू जी. माहे पाय पुरत नव्हते, म्हणून त्यायनंच बनवले होते. उतारावर एक निघाला अन् पाय घसरला. ब्रेक दाबाले बोटं पुरत नाई."

"मग रोज थांबायचीस कशी?"

"थांबता येत नाई. शाळेची भिंत आली का तिले हात लावून उतरते."

"हे आधीच का नाही सांगितलंस बाळा?"

"ब्रेक दाबता येत नाई म्हणलं असतं, तर शाळाच बंद केली असती. आमच्या गावाले बस येत नाई." मग तिने हळूच विचारलं, "आता सायकल जमा करता काय जी?"

वडील दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मीच म्हणलं होतं सायेब, मोठी घेऊ, दहावीपर्यंत पुरन," एवढं बोलून ते भिंतीला टेकून खाली बसले. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन त्यांनी सर्वांसमोर ड्रायव्हरचे पाय धरले. तो बिचारा त्यांना उठवता उठवता स्वतःच रडायला लागला.

खोटी फिर्याद म्हणून बापाविरुद्ध कारवाई करता आली असती. मी 'क' फायनल पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असा अहवाल. सायकल बाजारातल्या दुकानदाराला दिली आणि बदल्यात तिच्या मापाची जुनी सायकल घेतली. ब्रेक मी स्वतः दाबून पाहिले.

आपल्याकडे लेकरांचं सगळं वाढत्या अंगाचं घेतात. त्यात कंजुषी नसते, माया असते. पण सदरा मोठा झाला तर बाही दुमडता येते, सायकलीची बाही दुमडता येत नाही. पुढची दोन वर्षं मी शाळाशाळांत जाऊन एवढंच सांगत फिरलो : सीटवर बसवा, पाय जमिनीला लागतात का पाहा, बोटं ब्रेकपर्यंत जातात का पाहा, मगच पैसे मोजा. असे अपघात करणारा गुन्हेगार शोधून सापडत नाही, कारण घरात कोणीच गुन्हेगार नसतो.

हात बरा झाल्यावर मुलगी पुन्हा शाळेत जायला लागली. ठाणं तिच्या वाटेवरच होतं. रोज सकाळी फाटकासमोर, कशालाही हात न लावता, ती सायकल थांबवायची, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायची आणि मला ओरडून सांगायची, "टेकले, सायेब!"