आऱ्या उतरताना टाकलेला चुना

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर विषय बियाण्यावर नेऊन सोडायचो.

भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर आमचा उन्हाळी भुईमूग होतो. पहिली दोन वर्षं मी नुसता युरिया मारला. पाला गुडघाभर माजला, उपटून पाहिलं तर शेंगा पोचट. वाडीवरून निंदणीला येणारी एक कातकरी बाई म्हणाली, "शेट, पाला खायाचा हाय का शेंगा?"

"तू सांग मग, शहाणी."

"आऱ्या मातीत शिराय लागल्या का बुडाशी चुना टाकायचा. आमी परसात तसंच करतो. शेंग आपलं आपण मातीतनं खाते, पाल्याच्या जिवावर नाय."

मी हसलो. तरी पुढल्या वर्षी तिला दोन सऱ्या दिल्या. फुलं गळून, ज्यांच्या टोकाला शेंग धरते त्या देठासारख्या आऱ्या जमिनीला टेकल्या, तेव्हा ती नदीतल्या शिंपल्या भाजून केलेला, विरून भुकटी झालेला चुना घेऊन आली. ओळीच्या बुडाशी भुरभुरला आणि वर माती ओढली. काढणीला तिच्या सऱ्यांतली शेंग न् शेंग दाण्यांनी ठासलेली. बाकी रानात फोलं.

चौथ्या वर्षी सगळं रान तिच्या पद्धतीनं केलं. कृषी खात्याच्या शिवारफेरीला कशेळ्यापासून माणसं आली. खात्याच्या साहेबांनी एक वेल उपटून वर धरला, तर शेंगांचा झुबकाच लोंबला. लोक बघत राहिले.

"हे कुणी सुचवलं?" साहेबांनी विचारलं.

"माझं मीच," मी म्हणालो. "दोन वर्षं प्रयोग केला."

शाल-नारळ मिळाला. ती पाच हातांवर शेंगा तोडत बसली होती. एकदा वर पाहिलं आणि पुन्हा तोडू लागली.

आज खालापूरपर्यंत लोक आऱ्या उतरताना जिप्सम देतात. ते दुकानातलं, पण काम तेच. आमच्या आंबट जमिनीत भुईमूग व्हायचा नाही म्हणणारेच आता टेंपो भरभरून शेंगा नेतात. एवढी मोठी जीत या भागात मी दुसरी पाहिली नाही, आणि ती सगळी तिची आहे.

गेल्या उन्हाळ्यात पिशवीभर शेंगा घेऊन वाडीवर गेलो. तिनं एक फोडून तोंडात टाकली. "भरल्यात की. येळेवर टाकलंत." सुनेनं चहा दिला. मी तो प्यालो, पाण्यापावसाचं बोललो आणि उतरलो. श्रावणात ती गेली.

वाडी चढताना मनात जुळवलेलं वाक्य असं होतं: बाय, तुझं शहाणपण मी चारचौघांत माझं म्हणून सांगितलं, तुझ्यासमोर. चुकलो, मला माफ कर.