वेलचीच्या वासाची पोरं

तेव्हा फ्लूची साथ आलेली आणि मला पोरीच्या तापाची भीती वाटायची, पण खरं सांगू, त्याच्याहून जास्त भीती काकूंच्या दाराची वाटायची. काकू म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत, मानपाड्याला, तळमजल्याच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवतात त्या. आधी बालवाडीत शिकवायच्या, म्हणून बोलणं एकदम शुद्ध आणि नियम एकदम कडक. माझी पोरगी साडेतीन वर्षांची. तिला आत घेतलं तर मी नऊच्या आत कंपनीत, पॅकिंगला. नाही घेतलं तर खाडा. माझे तीन खाडे झालेले आणि सुपरवायझर बोललेला, चौथा झाला तर परत तोंड दाखवू नको. नवरा पहाटे टेम्पो घेऊन जातो तो संध्याकाळी येतो. म्हणजे सगळं त्या एका दारावर.

साथ आली तशी काकूंनी कपाळावर धरायची ती तापाची बंदूक आणली. पहिल्या दिवशी बंदूक बघून सगळी पोरं हात वर करून उभी राहिली. काकू म्हणाल्या, "हात खाली घ्या, कोणी पकडायला आलेलं नाही," पण पोरं काय ऐकतात, रोज हात वर. लांबून बघणाऱ्याला वाटेल इथे दरोडा पडतोय.

मग आमच्यातल्या काही आया शहाण्या झाल्या. सकाळी साडेसातला तापाचं औषध पाजायचं, साडेआठपर्यंत अंग थंड, बंदूक काय दाखवणार? काकूंना ते कळलं. त्यांनी बंदुकीच्या जोडीला नाक लावलं. खरंच सांगते, दारात उभं करून प्रत्येक पोराला "आ कर" म्हणायच्या आणि वाकून वास घ्यायच्या. ते औषध स्ट्रॉबेरीच्या वासाचं असतं. वास आला की घरी.

माझ्या पोरीचं अंग त्या सोमवारी सकाळी कोमट लागलं. थर्मामीटर लावला, शंभर. शंभर म्हणजे काय फार नाही, असं मी मलाच चार वेळा सांगितलं. शेजारची वहिनी दारात आली आणि बोलली, "अगं घाबरतेस काय, औषध दे आणि वर वेलची चावायला दे. वास मरतो. पण कुणाला सांगू नको हां."

मी दिलं. देताना अर्धं औषध फ्रॉकवर सांडलं, मग फ्रॉक बदलला, आणि बदलता बदलता पोरीला शिकवलं, "काकूंसमोर तोंड जास्त उघडायचं नाही हां बाळा. एवढंसंच." तिने मान हलवली. शहाणी आहे माझी पोरगी.

काकूंच्या दारात लाईन होती. काकूंनी पहिल्या पोराचा वास घेतला आणि थांबल्या. दुसऱ्याचा घेतला. तिसऱ्याचा. असं करत सातव्यापर्यंत गेल्या. मग कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या.

"आज सगळ्यांच्या तोंडाला वेलचीचा वास कसा काय? कोणाकडे श्रीखंड होतं का सकाळी सकाळी?"

मी मान वळवून बघितलं तर सगळ्या आया जमिनीकडे बघत होत्या. वहिनीने कुणाला सांगू नको म्हणून सगळ्या गल्लीला सांगितलेलं.

एकजण बोलली, "काकू, आमच्याकडे शिरा केलेला."

"आमच्याकडे पण," दुसरी बोलली.

"सात घरांत शिरा," काकू म्हणाल्या. "छान. वेलचीच्या वासाची पोरं बाजूला. औषध चार तास टिकतं. चार तास पार्किंगमध्ये आईसकट बसा. ताप चढला तर घरी, नाही चढला तर मी स्वतः आत घेईन."

"काकू, मला नऊला पोचायचंय हो," मी बोलले.

"अगं, मग वेलची कशाला दिलीस?"



तर आम्ही सात आया आणि सात पोरं पार्किंगमध्ये. काकूंनी सतरंजी दिली. मी सुपरवायझरला फोन लावला आणि तोंडातून आपोआप निघालं, "सर, रिक्षा बंद पडलीय, येते थोड्या वेळात." तो बोलला, "ढकलत ये, पण ये." 

आणि पोरांचं काय चाललेलं? कुणाच्या तरी दप्तरात एक पुंगी होती. ती सातही पोरं एकामागून एक वाजवत होती. याच्या तोंडातून काढली की तिच्या तोंडात, तिच्या तोंडातून माझीच्या. आत धडधाकट पोरांना एक एक हात लांब बसवलेलं आणि इथे तापाच्या संशयाची पोरं एकाच पुंगीत फुंकत होती, आणि आम्ही आया घड्याळं बघत होतो. एकीने खरंच शिरा केलेला होता. ती रडत शपथा घेत होती, कोण ऐकणार तिचं? तिच्या पोराने पण पुंगी वाजवली.

अकराच्या आसपास माझी पोरगी खेळातून उठून आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी हात लावला. चांगलीच भाजत होती. मी काकूंना हाक पण नाही मारली, पोरीला उचललं आणि पळत नाक्यावरच्या दवाखान्यात. चप्पल एक पार्किंगमध्येच राहिली, ते पण दवाखान्यात कळलं.

डॉक्टर म्हणाले, एकशे दोन आहे, घसा बघू. "आ कर."

पोरीने ओठ घट्ट मिटले.

"बाळा, आ कर," मी बोलले. तिने मान हलवली. चॉकलेट दाखवलं, नाही. डॉक्टर म्हणाले, "सकाळी काही खाल्लं का?" मी बोलले, "वेलची." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बरं, आईने आ करा, म्हणजे ती घाबरणार नाही." मी एवढा मोठा आ केला आणि पोरगी जिवाच्या आकांताने ओरडली, "आई, नको! वास येईल!" ओरडताना तिचं तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा बघून घेतला.

फ्लूच निघाला. पाच दिवस घरी, पाणी भरपूर, आणि ताप लपवायला औषध द्यायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा हो बोलले आणि दोन्ही वेळा रडले.

पोरीला औषध पाजून घरी आणलं, झोपवलं. दोन वाजता सुपरवायझरला फोन केला. आता नोकरी गेलीच, मग खोटं तरी कशाला?

"रिक्षा झाली का दुरुस्त?" तो बोलला. आणि माझ्या बोलायच्या आधीच, "ऐक, घरात कुणाला ताप आहे का?"

"नाही, नाही! ठणठणीत आहेत सगळे!" सवयीने निघून गेलं हो. सकाळपासून तेच बोलत होते.

"मग आली का नाहीस? शनिवारी बोर्डवर नोटीस लावलीय. ज्याच्या घरात फ्लू त्याने पाच दिवस यायचंच नाही, खाडा धरणार नाही. बाकी कुणाला सूट नाही."

ती नोटीस मी बघितलेली. इंग्लिशमध्ये होती. मी नववीपर्यंत शिकलेली, इंग्लिश दिसलं की डोळे आपोआप पुढे जातात. मला वाटलेलं कँटीनचं काहीतरी असेल.

"सर, आहे! ताप आहे! पोरीला एकशे दोन!"

"आत्ताच 'नाही' बोललीस ना? आता सगळ्यांना तापच आठवतोय. थर्मामीटरचा फोटो पाठव."

मी पळत जाऊन पोरीच्या काखेत थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव. परत लावला. अठ्ठ्याण्णव. डॉक्टरांचं औषध लागू पडलेलं. मी हातात फोन धरून तिच्या उशाशी बसले, आणि एक मिनिटभर, देवाशपथ, मी वाट बघत होते. चढेल, थोडा तरी चढेल, मग फोटो काढते. पोरीने झोपेत कूस वळवली, तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आलेले, आणि मला माझीच शिसारी आली. मी अठ्ठ्याण्णवचाच फोटो काढला आणि पाठवला.

त्याचा मेसेज आला: "मग उद्या ये."

मी गेले नाही. पाच दिवस घरीच राहिले, पोरीला पेज भरवली, तिसऱ्या दिवशी मला पण ताप आला. सहाव्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कंपनीत गेले तर माझ्या जागेवर दुसरी बाई बसलेली आणि ती खोकत होती. सुपरवायझर मास्कच्या आतून बोलला, "शेवटच्या टेबलावर बस, तिथली आज आली नाही." मी बसले. खोके जवळ ओढले आणि पट्टी मारायला लागले.