डुकरांचा कोतवाल पेलेग हॅच

पेलेग हॅच लाकडी पिंपं बनवायचा. त्याचं पिंप कधी गळलं नाही. तोंड मात्र अखंड गळायचं. त्याने इंग्लंडच्या राजाच्या चहाला विरोध केला तेव्हा आमच्या पाइनफोर्ड गावाने त्याला देशभक्त म्हणून डोक्यावर घेतलं. पुढे त्याने ओढ्यावरच्या पुलाला विरोध केला, चर्चच्या घंटेला केला, पोटच्या पोरीच्या लग्नालाही केला. तेव्हा आमच्या लक्षात आलं, बिचाऱ्या चहाचा काही दोष नव्हता.

मग फिलाडेल्फियात देशाची नवी राज्यघटना लिहून झाली. ती मान्य करायची की नाही हे ठरवायला गावोगावचे प्रतिनिधी बोस्टनला बोलावले. आमच्या गावात तिची एकच छापील प्रत आली होती, ती पाद्रीबाबांकडे. ते ती वाचत बसले होते, त्यामुळे बाकीच्यांना मत बनवायला पूर्ण मोकळीक होती. गावसभेत ठरलं, घटना वाईट! लांबचा राजा आत्ताच कुठे हाकलला होता, आता पुन्हा लांबचं सरकार कशाला?

पण जानेवारीच्या बर्फात हे सांगायला बोस्टनपर्यंत जाणार कोण? सगळ्यांच्या माना पेलेगकडे वळल्या. ‘नाही’ म्हणण्यात त्याचा हात धरणारा कोण होता? शिवाय तेवढे दिवस गावाला शांतता. त्याच्या बायकोने, मेहिटाबेलने, सभा संपायच्या आत त्याचं गाठोडं बांधून ठेवलं.

बोस्टनला पेलेग इमानाने विरोध करत होता. घोटाळा झाला मतदानाच्या आदल्या दिवशी. खाणावळीत घटनाविरोधी बाजूचा एक पुढारी जेवता जेवता शेजाऱ्याला म्हणाला, “हॅचची काळजी नको. तो आपल्या खिशातच आहे.”

पेलेगने हातातला पाव खाली ठेवला.

“कुणाच्या खिशात?”

“अहो, म्हणजे आपलेच ना तुम्ही!”

“मी कुणाचाच नाही!” पेलेग उठला, आणि दुसऱ्या दिवशी भर सभागृहात ‘मान्य’ म्हणून मोकळा झाला. घटना थोडक्या मतांनी पास झाली.

तो परतला तेव्हा गावसभा उकळत होती. चर्चचे कारभारी, डीकन एलनेथन स्पूनर, गरजले, “बंधू पेलेग, गावाने तुम्हाला काय सांगून पाठवलं होतं?”

“नाही म्हण, असं सांगितलं होतं.”

“मग?”

“मग मी गावाला नाही म्हटलं.”

वादात हरलेल्या गावाने मग सूड उगवला. मार्चमध्ये गावकीच्या जागा भरताना त्याला डुकरांचा कोतवाल निवडलं. मोकाट डुकरं कोंडायचं हे काम आम्ही थट्टेने नव्या नवरदेवांच्या गळ्यात मारतो. पेलेग तर नातवंडांचा धनी. सभा खो-खो हसली. पेलेगने मात्र गंभीर चेहऱ्याने शपथ घेतली.

उन्हाळ्यात डीकनची डुकरीण विधवा सबमिट डोलच्या कोबीत शिरली. सबमिट धावत आली. “अहो कोतवाल, चला, कोंडा तिला!”

“पुरावा?”

“पुरावा आत्ता तिच्या तोंडात आहे!”

“तिची बाजू ऐकल्याशिवाय कोंडता येणार नाही. घटनेत बारा पंचांची ज्युरी सांगितली आहे.”

पेलेगने खरंच गुत्त्यात बारा पुरुष जमवले, डुकरिणीच्या वतीने बोलायला लोहार उभा केला. सफरचंदाची सायडर पीत वाद रंगला, तोवर तिकडे दुसरा वाफा संपला. शेवटी सबमिट दारातून कडाडली, “कोबी माझा, नुकसान माझं, आणि मला बोलायची चोरी?”

“बाईमाणसाला ज्युरीत जागा नसते,” डीकन म्हणाले.

“आणि डुकराला वकील असतो?”

मग बाराही जण एका सुरात म्हणाले, “डीकनचं बरोबर आहे. बाईचं मत नको.”

बारा माणसं एका मताची झालेली पाहून पेलेगच्या कपाळाची शीर ताडकन उडाली. “मग निकाल तीच देणार! बोल, सबमिट.”

“डीकनने कुंपण दुरुस्त करावं, आणि त्यांच्या मळ्यातला कोबी मला द्यावा. माझा गेला तेवढाच. जास्त नको.”

निकाल इतका सरळ होता, की गुत्त्यात कुणाचा त्यावर विश्वासच बसेना. डीकनने वरच्या कोर्टात अपील ठोकलं. तारीख पडली डिसेंबरची, आणि डुकरं कापायची वेळ असते नोव्हेंबरची. डीकनने आरोपीलाच कापून खारवून टाकलं.

पेलेग संतापाने लाल झाला. समेट म्हणून डीकनने तिची एक मांडी पाठवली, तर तो दारातच ओरडला, “परत न्या! हा पुरावा आहे!”

मेहिटाबेलने ती आत नेली आणि घेवड्यात घालून शिजवली. पेलेगने जेवताना निषेध नोंदवला, आणि पुन्हा वाढायला सांगितलं.