टँकरच्या पाण्यातले फ्लेमिंगो

आमच्या वॉकचा रविवार तिथीवरून ठरायचा. एकादशीच्या आसपासचा जो रविवार असेल तो. नवीन येणाऱ्यांना वाटायचं, बाई भलतीच सोवळी दिसते! कसलं सोवळं आणि कसलं काय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या कोकणातल्या गावी शेंबडं पोरही सांगतं. एकादशीला सकाळी आठनंतर भरती. पाणी चढून खाडीतला चिखल बुडाला की तिथे चरणारे फ्लेमिंगो उठतात आणि ओहोटी लागेपर्यंत उभं राहायला आमच्या सेक्टरमागच्या तळ्यात येतात. त्या वेळी आपण बांधावर हजर पाहिजे, एवढंच. शिवाय एकादशी म्हणून कोणी ना कोणी डब्यात साबुदाण्याची खिचडी आणायचं, तो फायदा वेगळा.

वॉक सुरू केला तो आमच्याच सोसायटीतल्या काकांनी. ऑफिसातून निवृत्त झाल्यावर लोक सकाळी हास्य क्लबात जातात, हे दुर्बीण घेऊन तळ्यावर जायला लागले. मग मी जायला लागले, मग आम्ही दोघं मिळून लोकांना न्यायला लागलो. फुकट. सानपाड्याहून, खांदेश्वरहून माणसं यायची, पोरांना घेऊन, झोपाळलेल्या डोळ्यांनी. काका गेटपाशीच सगळ्यांना दम भरायचे. भडक कपडे नकोत, मोबाइलचा आवाज बंद, बोलायचं तर कानात. आणि टाळी वाजवायची नाही. पक्षी दिसला की आपल्या लोकांचे हात आपोआप टाळीला उठतात हो, जशी काही नाटकात एंट्री झालीय! एका बाईने एकदा वाजवली, तर काकांनी तिच्याकडे असं बघितलं की ती उरलेला सगळा वॉक हात ओढणीत गुंडाळून चालली.

तळ्याला खाडीकडे एक तोंड होतं. भरतीचं पाणी तिथून आत यायचं, ओहोटीला थोडं बाहेर जायचं, थोडं राहायचं. रस्त्याचं काम निघालं आणि त्या तोंडावर भराव येऊन पडला. कोणी टाकला, कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारायला आम्ही ज्या टेबलापाशी गेलो, तिथून आम्हाला पुढच्या टेबलापाशी पाठवलं. पाऊस होता तोवर तळ्यात पाणी होतं. थंडी सरली तसं ते आटत गेलं. होळीच्या सुमारास तळाच्या चिखलाला भेगा पडल्या.

पण फ्लेमिंगोंना हे कोण सांगणार? ते भरती झाली की यायचेच. तळ्यावर घिरट्या घालायचे, खाली यायचे, पुन्हा वर जायचे आणि उरणच्या दिशेने निघून जायचे. तिकडे तरी त्यांना टेकायला जागा मिळत होती की नाही, देव जाणे. लोक आम्हाला विचारायचे, उतरले का नाहीत? काका तोंडाबद्दल, भरावाबद्दल सांगायला लागायचे आणि मध्येच दुर्बीण लावून उरणच्या दिशेने बघत राहायचे.

आमचं मागणं एकच होतं. तोंड उघडा. भराव काढा, एवढंच, बाकी काही करू नका, पाणी आपलं आपण येईल. खूप खेटे घातल्यावर एक साहेब तळं बघायला यायला तयार झाले. त्यांच्या शेऱ्यावर सगळं अवलंबून होतं. त्यांनी मनावर घेतलं तर पावसाआधी तोंड उघडलं असतं. आम्ही त्यांना एकादशीचा रविवार दिला, वेळ भरतीची दिली. काकांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता.

आणि मग काकांच्या डोक्यात ते आलं.

"साहेब येणार आणि कोरडा चिखल बघून जाणार? पक्षीच दिसले नाहीत तर त्यांना कळणार कसं, काय वाचवायचंय ते?"

मी म्हटलं, "काका, कोरडं आहे तेच तर दाखवायचंय!"

"ते दाखवूच. पण थोडे तरी उतरू देत. मी टँकर सांगतो."

आता कोणी हसेल. पण आम्ही सोसायटीतली माणसं. नळाला पाणी आलं नाही की टँकर, टाकी धुवायची असली की टँकर, लग्नघर असलं की टँकर. कोरडं काहीही दिसलं की आमचा हात टँकरवाल्याच्या नंबरवर जातो. शिवाय पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरायचं, चांगली चादर घालायची, ही सवय हाडीमाशी खिळलेली. मी भांडले, अगदी तावातावाने भांडले. काका म्हणाले, "किती दिवस ते बिचारे नुसते फिरून जातायत गं."

रविवारी उजाडता उजाडता टँकर आले. पहिल्या टँकरचा ड्रायव्हर जवळच्याच गावचा होता. तो बांधावरून खाली बघत राहिला.

"काका, या चिखलान पानी टाकाचा हाय?"

"हो."

"बरा," म्हणाला आणि पाइप सोडला. चिखल पाणी पीत होता, पीतच होता. शेवटी बांधाजवळच्या खोलगट भागात एक चकाकणारं डबकं उभं राहिलं, घोट्याएवढं.

साहेब वेळेवर आले, सोबत बायको आणि मुलगी. चांगला माणूस होता, खोटं का बोला? बूट चिखलात घालून पुढे आला. भरती झाली आणि खाडीकडून फ्लेमिंगो आले. नेहमीसारखे घिरट्या घालायला लागले. मग एक उतरला, मागून आणखी उतरले. डबकं गुलाबी झालं. किती महिन्यांनी ते पाय पाण्यात बघत होते मी! काकांनी दुर्बीण साहेबांच्या मुलीच्या हातात दिली. काकांचे डोळे भरून आले होते.

साहेबांनी फोटो काढले. बायकोचा काढला, मुलीचा काढला, मग आम्हाला सगळ्यांना मध्ये घेऊन काढला. मग म्हणाले, "छान आहे की! तुम्ही तर म्हणत होता पाणीच येत नाही."

काकांनी सांगितलं की साहेब, हे टँकरचं आहे. तोंड बुजलंय म्हणून आज टँकर आणला. तिकडे बघा, ते सगळं कोरडं आहे, ते खरं तळं.

साहेबांनी तिकडे बघितलं. मग डबक्याकडे बघितलं. आणि अगदी मनापासून, आम्हाला मदत करायची म्हणून, म्हणाले, "मग झालं तर! टँकरने होतंय ना? सीझनमध्ये टँकरची सोय बघू. तोंड उघडायचं म्हणजे रस्त्याचं काम थांबणार, मोठी भानगड आहे ती."

काका बोलत राहिले. भरतीच्या पाण्याबरोबर येणारं शेवाळ, त्यातले बारीक जीव, टँकरच्या गोड्या पाण्यात यातलं काही नसतं, पक्षी नुसते पाण्याला भुलून उतरलेत. साहेब मान डोलवत होते. मुलीला भूक लागली होती. खिचडी खाऊन ते निघाले. दुपारपर्यंत डबकं जिरलं.

शेरा काय आला ते सांगायला नकोच. पाणी आढळले, पक्षी आढळले, पर्यायी सोय शक्य. सोबत आमचाच फोटो, आम्ही सगळे हसतोय. तोंड उघडण्याचा विषय बंद. आणि टँकरची सोय? तो टँकर अजून यायचाय. मला काकांचा इतका राग आला होता की त्यांना शिव्या घालाव्यात असं वाटत होतं. खाली उतरले तर ते जिन्याजवळच्या खुर्चीत बसले होते, दुर्बीण मांडीवर. मी शेजारी बसले.

पुढच्या एकादशीच्या रविवारी वॉक ठेवला, कारण लोकांनी आधीच नावं दिली होती. तळ्यावर गेलो तर डबक्याच्या जागी बांधाखाली कुत्री बसली होती, चांगली टोळीच. आदल्या दिवशी एक फ्लेमिंगो तिथे उतरला होता, टँकरचं पाणी मुरून अजून ओल्या दिसणाऱ्या त्या चिखलात. वरून ओला, आत चिकट. त्याला उठता आलं नाही. बांधावर फिरायला आलेल्यांनी दगड मारेपर्यंत कुत्र्यांनी काम उरकलं होतं. पिसं अजून तिथेच होती. आम्ही मुलांना दुसऱ्या बाजूला वळवलं.

भरती झाली आणि ते आले. पूर्वी तळ्यावर नुसत्या घिरट्या घालून निघून जायचे, आता तसं नव्हतं. सरळ त्याच कोपऱ्यावर आले, जिथे आम्ही पाणी ओतलं होतं. जागा त्यांच्या लक्षात होती. घिरटी खाली, आणखी खाली. पाय लांब करायला लागले. कुत्री उठून उभी राहिली.

माझ्या शेजारी टँकरचं ऐकून आलेल्या एक नवीन बाई होत्या, त्यांनी माझ्या कानात विचारलं, नियमाप्रमाणे अगदी हळू, "आज टँकर नाही का आला?"

मी उत्तर द्यायच्या आत टाळी ऐकू आली. काका होते. बांधाच्या टोकाला उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होते आणि ओरडत होते, "हुर्र! हुर्र! जा! जा इथनं!" त्यांचा आवाज चिरकत होता. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवायला लागले. मग मुलांनीही वाजवल्या, मग सगळ्यांनीच, आणि फ्लेमिंगो वर उठून लांब निघून जाईपर्यंत आम्ही वाजवत राहिलो.