दोरी बांधलेलं दार

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आई पहाटे मासळी वाळत घालायला गेली आणि दवाने ओल्या खडकावरून घसरली, असं मीच सगळ्यांना सांगितलं. ताई शेजारीच उभी होती. आई मासळीसाठी गेली नव्हती. टमरेल घेऊन किनाऱ्याकडे गेली होती. घरामागे मी बांधलेला, पांढऱ्या फरशीचा संडास असताना.

तो मी लग्न ठरल्यावर बांधला. मी रत्नागिरीत कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागलो होतो. होणारी बायको शिक्षिका, शहरात वाढलेली. बुरोंडीच्या घरी आई आणि थोरली बहीण, दोघी मासळी विकायच्या. ताईने सातवीत शाळा सोडली ती माझी सुटू नये म्हणून. बांधकाम झालं तेव्हा ती आत जाऊन नळ सोडून बघत होती, हसत होती. आता आये राणीसारखी राहील, म्हणाली. मला मात्र त्या फरशीवर खवलं चिकटलेली पावलं दिसू लागली. मी म्हटलं, "ताई, तिला दुसऱ्यांनी वापरलेलं चालत नाही."

बायकोने असं कधीच म्हटलं नव्हतं.

आईने वाद घातला नाही. "शिकल्याली पोर ती. आमचा काय, आमच्या पायांना वाट ठावूक हाय," एवढंच. ताईने जाळ्याच्या दोरीने कडी बांधून टाकली. गणपतीला आणि शिमग्याला आम्ही जायचो तेव्हा ती सुटायची. आत साबणाची नवी वडी असायची. किती स्वच्छ ठेवतात, म्हणून बायको कौतुक करायची. मी वर्गात शिकवायचो की शिक्षण आलं, मिळकत आली, की घराचं राहणीमान सुधारतं. सुधारलं होतंच, सणापुरतं, आमच्यापुरतं.

दोरी सोडा, एवढंच म्हणायचं होतं. प्रत्येक खेपेला ओठांवर यायचं. मग वाटायचं, आता सांगितलं तर आधीचं खोटं उघडं पडेल. आई पडली, ती अंथरुणावरून पुन्हा उठलीच नाही.

यंदा गणपतीत बायकोने ताईला टमरेल घेऊन निघालेलं पाहिलं. अहो, घरात आहे की, म्हणून तिने अडवलं. ताई म्हणाली, "ता तुमचा हाय, वहिनी." त्यातला टोमणा बायकोला कळला नाही. परतताना गाडीत ती म्हणाली, "जुनी सवय. शिक्षण नसलं की सुटत नाही."

मी हो म्हटलं.

ताई तिच्याशी कधी मोकळी झाली नाही, आणि बायको अजून मला विचारते, माझं काय चुकलं. तिचं काही चुकलं नाही, हे ताईला सांगणं माझ्याकडे बाकी आहे. आई त्या पहाटे कशासाठी गेली होती, हे बायकोला सांगणंही.