भिंतीपाशी काय हाय?

आमच्या ऑफिसातले एक जण रिहे या गावाहून मोटारसायकलवर येतात. आवाजापेक्षा वेगाने वाहणाऱ्या हवेची गणितं आम्ही कॉम्प्युटरवर सोडवतो आणि ती तपासणं हे त्यांचं काम. उत्तराचं रंगीत चित्र समोर आलं की ते पंजाने स्क्रीन झाकतात, खालची, भिंतीलगतच्या हवेची बोटभर पट्टी तेवढी उघडी ठेवतात. "रंग ऱ्हाऊ द्या. भिंतीपाशी काय हाय?" पट्टी पाहून झाली की उठून जातात. माझ्या मेहनतीच्या चित्राकडे बघतसुद्धा नाहीत, याचा मला राग यायचा.

परवा दुपारी माझा अहवाल ग्राहकाकडे जायचा होता. चित्रात शॉक वेव्ह, म्हणजे हवेतली धक्क्याची लाट, भिंतीवर आदळून सुबक परतली होती. ते पट्टीकडे बघत राहिले. "एवढा दणका बसला, तरी भिंतीलगतची हवा सरळच?"

हवेचे बारीक चौकोन पाडून ज्यावर गणित सोडवतात, ती जाळी मी उघडून पाहिली. चाचणीपुरती घेतलेली विरळ जाळी मी बदललीच नव्हती. भिंतीला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर तिच्यात सापडलाच नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं.

त्यांनी माझ्यासमोरच ग्राहकाला फोन लावला. "माझी तपासणी ऱ्हायलीय. दोन दिवस द्या." माझं नाव घेतलं नाही.

आज सकाळी बारीक जाळीवरचं उत्तर आलं. त्यांनी सवयीने पंजा ठेवला. पट्टीत तो थर भिंतीपासून उचलला गेला होता आणि त्याच्याखाली हवा उलटी वाहत होती, अगदी वाहायला हवी तशी. माझा जीव भांड्यात पडला.

मला वाटलं, आता उठतील. पण त्यांनी स्क्रीनवरचा हात काढला आणि खुर्ची पुढे ओढली.

"बेस. आता दावा तुमचे रंग."