शेजारच्या बाईच्या दोन पोळ्या

"तेवढ्यात शेजारची बाई आली आणि तिने त्याच्यापुढे दोन पोळ्या ठेवल्या."

हे वाक्य मी हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, स्नेहलतागंजातल्या मराठी वाचनालयात इतक्या वेळा ऐकलंय, की कुठल्या कादंबरीतलं म्हणून विचाराल तर सांगता येणार नाही. कारण ते कुठल्याच कादंबरीत नाही. ते काकूंचं होतं. शनिवारी दुपारी त्या नजर गेलेल्या चार-पाच म्हाताऱ्या माणसांना कादंबरी वाचून दाखवायच्या. पुस्तकातलं पोर फार वेळ उपाशी राहिलं की चष्मा नाकावर जरा खाली घेऊन, आवाज तसूभरही न बदलता, हे वाक्य घालून पुढे जायच्या.

खेड्यातून शहरात शिकायला आलेला मुलगा असो की बाप गेल्यावर घर ओढणारी मुलगी, काकूंच्या वाचनात कोणी उपाशी झोपत नसे. शेजारची बाई पोचायची. एकदा गोष्टीतला मुलगा जंगलात वाट चुकला होता, तर तिथेही ती पोचली.

काकू सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या. सुदामा नगरात आमच्याच गल्लीत राहायच्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. त्यांना स्कूटीवरून वाचनालयात नेणं-आणणं माझ्याकडे होतं. नवीन कादंबरी हातात आली की त्या लेखकाचं नाव बघत नसत. पहिला प्रश्न ठरलेला: "पोराच्या घरी कोण कोण आहे?" आई आहे म्हटलं की मान डोलवायच्या. कोणीच नाही म्हटलं की पुस्तक असं धरायच्या, जसं ताप आलेल्या मुलाचं कपाळ धरावं.

माझं बालपण पत्रकांवर गेलं. वडिलांची मिल बंद होऊन किती वर्षं झाली तरी ते आणि त्यांचे सोबती कामगारांसाठी पत्रकं काढत होते. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि पुढची बाजू वाचत मोठा झालो. त्यामुळे भुकेल्या माणसाला गोष्टीत मध्येच पोळ्या वाढणं मला फसवणूक वाटायचं. आजही वाटतं. पहिल्यांदा मी त्यांच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावलो आणि मला ते कळलं, तेव्हा परतीच्या वाटेवर सिग्नलला मी विषय काढला.

"काकू, त्या पानावर शेजारची बाई नाहीये."

"नाहीये का?"

"नाही. लेखकाने मुद्दाम उपाशी ठेवलंय त्याला. वाचणाऱ्याला राग यावा म्हणून."

"तुला आला?"

"आला."

"मग झालं की. गार्डसाहेबांना राग नको, त्यांना बीपी आहे."

गार्डसाहेब म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. पहिल्या खुर्चीत बसायचे आणि प्रत्येक प्रकरण संपलं की "पुढचं स्टेशन" म्हणायचे.

त्या दिवशी मी काकूंना बरंच सुनावलं. म्हटलं, तुमच्या पोळ्यांनी व्यवस्था नामानिराळी सुटते. पोर उपाशी का आहे, हे विचारायचं राहूनच जातं. मागे बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नेताजी, हिरवा झाला. चला."

तेव्हापासून मी नेताजी. पुढे माझं एक पत्रक त्यांनी मागून घेतलं. भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासवाल्यांवर होतं ते. तिथली होर्डिंगं तुम्हीही पाहिली असतील. फेटा बांधलेली पास झालेली पोरं, शेजारी आईचा छोटा फोटो आणि खाली 'संघर्ष से शिखर तक'. मी लिहिलं होतं की ही कादंबरी विकण्याची दुकानं आहेत. संकटं आली, घरचे पाठीशी राहिले, पोर जिंकलं, एवढीच गोष्ट ते छापतात. संकटं येऊन, घरचे पाठीशी राहून जी हजारो पोरं हरली, त्यांच्या फोटोला होर्डिंग नाही. काकूंनी हे पत्रक शनिवारी सगळ्यांना वाचून दाखवलं. अगदी खड्या आवाजात, मला अभिमान वाटावा असं. शेवटी थोडं थांबून म्हणाल्या, "आणि मग सगळे कार्यकर्ते घरी गेले आणि त्यांनी खिचडी खाल्ली."

गार्डसाहेब म्हणाले, "बढिया लिहिलंय."

त्या पत्रकाची खरी वाचक काकूंच्या घरातच होती. त्यांची भाची. बारावीनंतर आपल्या गावाहून, सनावदहून, काकूंकडे शिकायला आली ती इथेच राहिली. पदवी झाली आणि मग सरकारी अधिकारी व्हायच्या परीक्षेची, पीएससीची, तयारी सुरू झाली. रोज भंवरकुआंला क्लास, घरी आली की टेबल.

ते घर तुम्ही पाहायला हवं होतं. टीव्हीवर पांघरूण घातलेलं. काकू लग्नांना जात नसत, कारण पोरगी एकटी पडेल. सकाळी चहा टेबलावर, वर बशी झाकलेली, आणि काकू पाय न वाजवता मागे फिरलेल्या. शेजारणीने मिक्सर लावला तर काकू गॅलरीतून नुसतं बघायच्या. पुरायचं तेवढं. निकाल वाईट लागला की कादंबऱ्यांतली उदाहरणं निघायची. "तो बघ, त्याचं तर छप्पर उडालं होतं." "ती बघ, दिव्याखाली अभ्यास केला तिने." पुस्तकं काकूंनी आयुष्यभर वाचलेली, त्यामुळे उदाहरणांना तोटा नव्हता. आणि उदाहरणं सगळी जिंकलेलीच.

भाची एकदा क्लासच्या फाटकाशी भेटली. मी पत्रकं वाटत होतो. तिने एक घेतलं, घडी केली आणि म्हणाली, "मला सोडायचंय हे."

मी लगेच सुरू झालो. म्हटलं, हरायचं नाही, त्यांना तेच हवंय, आपण भिडलं पाहिजे.

तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "तू पण तेच म्हणून राहिलास. मावशीच्या पुस्तकांत तेच, या होर्डिंगवर तेच, तुझ्या कागदात पण तेच. नुसत्या थकलेल्या माणसाबद्दल कोणी लिहीतच नाही का रे?"

"मग सांग मावशीला."

"सांगते की. ती म्हणते आधी जेवून घे." ती हसली, पण चेहरा काही हसला नाही. "आणि सोडलं तर राहू कुठे? ते घर परीक्षेचं आहे. परीक्षा आहे म्हणून मी तिथे आहे. सोडली की सनावद. मग मम्मी-पप्पा स्थळं बघणार. मला या गावात राहायचंय. कुठेतरी साधी नोकरी करायचीय, संध्याकाळी घरी यायचंय. बस एवढंच. पण एवढंसं मागायला शरम वाटते, मावशीने इतकं केलंय."

खरं सांगायचं तर मला तेव्हा तिचा रागच आला होता.

पुढचा निकाल एका शुक्रवारी लागला. यादीत ती नव्हती. शनिवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे काकूंना न्यायला गेलो, तर सनावदहून तिचे आई-वडील आलेले. पाटपाणी झालेलं, श्रीखंड केलेलं. नापास झालेल्याच्या घरी कोणी श्रीखंड करतं का? आपल्याकडे करतात. चेहरा पडलेला दिसला की आपण वाढायला घेतो. मलाही बसवलं.

वडील चांगला माणूस. आवाज चढवला नाही की एक वाकडा शब्द काढला नाही. "एक और कोशिश, बेटा. हम सब हैं ना तुझ्या मागे." आई म्हणाली, "तू कशाचं टेन्शन नको घेऊ, फक्त अभ्यास कर." काकू स्वयंपाकघरातून गरम पोळ्या आणत होत्या आणि येता-जाता कुठल्याशा कादंबरीतल्या मुलाची गोष्ट सांगत होत्या, ज्याला सहाव्या खेपेला यश आलं. सगळे तिच्याच बाजूचे. इतकी माणसं एकीच्या बाजूला मी मोर्चातही पाहिली नाहीत.

भाचीने ताटावर हात आडवा धरला. "नको मावशी. झालं."

"झालं काय, एकच घे."

आता, आपल्या घरांमध्ये याचा एक ठरलेला खेळ असतो. समोरचा हात आडवा धरतो, वाढणारी हातावरच पोळी ठेवते, सगळे हसतात, हात निघतो आणि पोळी खाल्ली जाते. काकूंनी सवयीने तिच्या हातावर पोळी ठेवली. तव्यावरून उतरवलेली, वर तूप.

भाचीने हात काढला नाही.

वडील बोलत होते ते थोडं आणखी बोलले आणि थांबले. तूप तिच्या बोटांमधून ताटात गळत होतं. ती कोणाकडे बघत नव्हती. हट्टानेही बसली नव्हती. हात काढायचीही ताकद राहिली नसावी, तशी बसली होती. आई म्हणाली, "अगं, भाजेल." तरी नाही.

काकूंनी पोळी उचलली. पदराने तिचा हात पुसला, एकेक बोट. मग उभ्याच राहिल्या, पोळी हातात तशीच.

"तिचं झालंय," त्या वडिलांना म्हणाल्या.

"जेवली कुठे अजून ती, ताई?"

"जेवणाचं नाही म्हणत मी. परीक्षेचं म्हणते. आता ती बसणार नाही परीक्षेला."

"हे तुम्ही कसं ठरवता?"

"मी नाही ठरवत. ती केव्हाची सांगतेय. मी ऐकत नव्हते, वाढत होते."

आई रडायला लागली. "मग ताई, इतकी वर्षं?"

"गेली," काकू म्हणाल्या.

त्यात सांत्वन नव्हतं आणि तक्रारही नव्हती. बस गेली, दूध नासलं, तसं म्हणाल्या. इतकं थकलेलं काही मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

भाचीने विचारलं, "मग मी इथे राहू का?"

काकू खाली बसल्या. एवढा वेळ उभ्या होत्या हे आत्ता लक्षात आल्यासारख्या. "हे विचारावं लागतं तुला," त्या म्हणाल्या. तिला म्हणाल्या की स्वतःला, मला कळलं नाही. मग वडिलांकडे वळून, "ती इथेच राहील. परीक्षेसाठी नाही. उगीच. आणि स्थळबिळ कोणी आणू नका, तिने म्हटल्याशिवाय."

मला वाटलं, आज वाचनालय चुकणार. पण काकूंनी हात धुतले आणि म्हणाल्या, "चला नेताजी, लोक वाट बघत असतील."

त्या दिवशीच्या प्रकरणात काम सुटलेला एक मुलगा दिवसभर शहर पालथं घालून रिकाम्या पोटी एका ओट्यावर येऊन बसतो. काकू वाचत गेल्या. ती जागा आली. सगळे थोडे सावरून बसले. काकूंनी पान उलटलं आणि जे होतं तेच वाचलं.

"मॅडमजी," गार्डसाहेब म्हणाले, "आज ती आली नाही का?"

"कोण?"

"शेजारची."

काकूंनी पुस्तक खाली घेतलं. "पुस्तकात नाहीये हो ती. कधीच नव्हती."

"ते तर आम्हाला माहीत आहे. जंगलात कुठून आली असती बाई?" मागून कोणीतरी हसलं. "पण मग आज हा करणार काय?"

"काही नाही. बसेल जरा," काकू म्हणाल्या. "थकलाय तो. आज इथेच थांबू."

आणि गार्डसाहेब 'पुढचं स्टेशन' म्हणाले नाहीत.

भाची त्यानंतर आठवडाभर झोपली. दिवसासुद्धा. चौकशीला येणाऱ्या बायकांना काकू दारातूनच परतवायच्या. "झोपलीये," म्हणायच्या, आणि असं सांगायच्या जणू ती काही कमावून आली आहे. मग तिने नोकऱ्या शोधल्या. जवळच्याच महू गावात एका शाळेच्या ऑफिसात लागली. आधी इथूनच जायची-यायची. काकूंचे गुडघे गेले आणि जिने चढवेनात, तेव्हा तिने तिकडेच तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि काकूंना घेऊन गेली. वाचनालयातलं शनिवारचं वाचन काही दिवस मी केलं. माझ्या वाचनाला लोक येईनासे झाले. गार्डसाहेबांनी कारण सांगितलं: "तुम्ही भाषण देता, भिया."

कोचिंगवाल्यांविरुद्ध मी अजून लिहितो. होर्डिंगवरचे चेहरे बदलतात, फेटे तेच असतात. संकटांनी माणूस घडतो, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण मिटलेलं नाही. पण घरच्यांच्या पाठबळाने घडतो म्हणणाऱ्यांना काय म्हणावं, हे काकूंमुळे मला नीट सांगता येत नाही. भाचीवर एक कादंबरी लिहावी म्हणून मी दोनदा बसलो. दोन्ही वेळा ती माझ्या हातून जिंकायलाच निघते, म्हणून फाडून टाकली.

काकू मार्चमध्ये गेल्या. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. मी शेवटचं त्यांना पाहिलं ते त्याआधीच्या थंडीत, महूला. संध्याकाळ होती. काकू पलंगावर बसल्या होत्या, मी समोर खुर्चीत. भाची ऑफिसातून आली. चपला काढल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि काकूंशेजारी बसली. कसा गेला दिवस, उशीर का झाला, काकूंनी काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दोघी खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक भिंत, आणि तिच्यावर कोणीतरी वाळत टाकलेली गोधडी. हळूहळू गोधडीचे रंग दिसेनासे झाले. काकूंचं डोकं कलत कलत भाचीच्या खांद्यावर आलं. तिने खांदा जरा खाली घेतला. खोलीत अंधार झाला, पण दिवा लावायला आमच्यापैकी कोणी उठलं नाही.